खळ्यावर जोडे

चेंडू गलीजवळ, म्हणजे ज्या खड्ड्यात तो घालायचा त्याच्याजवळ, पोहोचला की आबासाहेब थांबत, वाकत आणि पायातले जोडे काढून बाजूला ठेवत. मग देवळात शिरावं तसे अनवाणी पुढे जाऊन शेवटचा हलका टोला मारत. गोल्फ नावाचा साहेबी खेळ मी जन्मात पहिल्यांदा पाहिला तो असा, जऊळक्याला त्यांच्या शेतात. त्यामुळे विलायतेतले लाटसाहेबही हा खेळ असाच खेळत असणार, अशी माझी बरीच वर्षं खात्री होती.

आबासाहेबांची वकिली वाशीमला, शेती जऊळक्याला. मी त्यांच्या हाताखालचा नवखा वकील. बदली झालेल्या एका साहेबाच्या सामानाचा लिलाव होता. आबासाहेब तिथे आरामखुर्ची आणायला गेले आणि खुर्चीबरोबर लोखंडी तोंडाच्या काठ्यांची पिशवीही घेऊन आले. "खुर्चीत बसून कटाळा आला तं काही पाह्यजे ना," हा त्यांचा खुलासा.

मैदान आयतं होतं. ज्वारीची मळणी उरकली की खळ्याच्या मधोमध रोवलेली मेढ, जिच्याभोवती बैल फिरतात ती, उपटून काढत. तिचा खड्डा हीच गल. भोवतीचं खळं शेणानं सारवून ताटासारखं गुळगुळीत केलेलं. धसकटांतून चेंडू मारत यायचं आणि खळ्यावर पोहोचून तो गलीत घालायचा. गल एकच, पण कधी आंब्याखालून यायचं, कधी विहिरीकडून, कधी रेल्वेच्या कुंपणाकडून. आणि खळं म्हणजे दाण्याची जागा. तिथे जोडे घालून जायचं नसतं, हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही.

पण आबासाहेबांच्या मनात एक रुखरुख होती. "खऱ्या गवतावर, खऱ्या गलीत एक डाव चेंडू घालीन, अन् मंग काठ्या माळ्यावर टाकीन," असं ते म्हणत. दरवर्षी संक्रांत झाली की ईस्टरच्या सुट्टीत खेळायला कुठे जायचं याचा खल सुरू होई. ओट्यावर बैठक बसे, म्हणजे ते, मी आणि दारात काकू. मी नागपूर सुचवलं. "तिथं निम्मे वकील वळखीचे. हरलो तं आपल्याआंधी वाशीमले समजते." पुणे सुचवलं. "गवत चांगलं असन, पण वरण गोड." मुंबईला म्हणे दमट हवेत काठ्या गंजतात. काकू दारातून म्हणायच्या, "चार दिसाच्या खेळाले तीन महिने इचार. मले पाहाले आले तवा तं चहा सरायच्या आत हो म्हटलं होतं." त्यावर आबासाहेब गंभीरपणे उत्तर देत, "तुह्या बापानं दुसरी जागा दाखोली कुठं?"

अशा किती सुट्ट्या बैठकीतच संपल्या. शेवटी एका वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या छातीला नळी लावून तपासलं आणि पुढच्या वर्षीपासून प्रवास बंद म्हणून बजावलं. तेव्हा कुठे निर्णय झाला. सातपुड्यातलं एक थंड हवेचं ठिकाण ठरलं. नाव मुद्दाम सांगत नाही. तिथल्या लोकांनी आमचं काही वाईट केलं नाही, आणि आमचं वागणं त्यांना अजून आठवत असेल तर ते विसरलेलं बरं.

एका जुन्या अशिलाच्या ओळखीनं क्लबात प्रवेश मिळाला. हिरवळ दिसताच आबासाहेबांनी तिच्यावरून तळहात फिरवून पाहिला. मग चेंडू मारत मारत आम्ही पहिल्या गलीपाशी आलो. तिथे गालिच्यासारखं कापलेलं गवत होतं. आबासाहेब थांबले, वाकले आणि त्यांनी जोडे काढले.

क्लबाचे चिटणीस व्हरांड्यातून लगबगीनं आले. अत्यंत सभ्य माणूस. इथे अनवाणी खेळता येत नाही, असा नियम असल्याचं त्यांनी सांगितलं.

"अन् आमच्यात अशा जागी जोडे घालून जाता येत नाही," आबासाहेब म्हणाले.

"पण हे गवत आहे."

"गल हाय ना मधात? मंग खळंच झालं."

मला वाटलं, आता वकिली सुरू होणार. पण आबासाहेबांनी जोडे पुन्हा घातले. "मैदान तुमचं, नियम तुमचा. मी त्या जागेवर पायच ठेवत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू जाय रे वामन. तुले कुठं शेती हाय?"

आणि तशी आमची सुट्टी झाली. कापलेल्या गवताच्या बाहेर उभं राहून आबासाहेब लांबूनच गलीचा नेम धरत. चेंडू आत पडला नाही तर ती गल सोडून पुढच्या गलीकडे चालू लागत. मी जोडे घालून, आरामात, दर गल जिंकत होतो. इतकी बेचव जीत मी कोर्टातही अनुभवली नाही. "घाला ना जोडे एकदा, इथे कोण पाहतंय," मी म्हणालो. "मी पाहून राह्यलो ना," ते म्हणाले.

शेवटच्या दिवशीची शेवटची गल. दम लागला होता, म्हणून आधी ते जरा टेकले. मग उठून काठावरून टोला मारला. चेंडू उताराला लागला, वळला, गलीच्या ओठावर रेंगाळला आणि आत पडला.

आबासाहेब पुन्हा खाली बसले. उपरण्यानं तोंड पुसलं. "काढून आण बॉ," एवढंच म्हणाले.

मी निघालो. निम्म्या वाटेत पायाला गार लागलं, तेव्हा कळलं की माझे जोडे मी नकळत काठावरच काढून ठेवले आहेत. व्हरांड्यात चिटणीस उभे होते. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं.

घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "कसं होतं?"

"खळं लय मोठं होतं," आबासाहेब म्हणाले. "पण तिथले मालकच त्याच्यावर जोडे घालून फिरतेत."

बोलल्याप्रमाणे त्यांनी काठ्या माळ्यावर टाकल्या. त्या पावसाळ्यात ते गेले.

पुढच्या वर्षी मळणी उरकल्यावर मी काकूंना भेटायला जऊळक्याला गेलो. गड्यानं मेढ उपटली होती आणि हातात मातीचं टोपलं धरून तो विचारत होता, "मालकीणबाई, मालक तं नाई आता. खड्डा बुजवू काय?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "याले ईस्टरची सुट्टी हाय. आता हा कुठं जागा पाहात फिरन?"

मी ओट्यावर चढलो आणि माळ्यावरून पिशवी काढली.