मॅनेजरच्या निवडीतला कोरा रकाना

रविवार, चौदा जून. सकाळी साडेदहा. शनिवार पेठेतली संघटनेची खोली, चष्म्याच्या दुकानावरची.

उपस्थित: अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक. खजिनदार, मार्केट यार्डात लसणाचा गाळा असलेले. मानद चिटणीस, म्हणजे मी. उमेदवार दोन. अनुपस्थित: खेळाडू. त्यांना बोलावलेलंच नव्हतं.

शेवटची दोन वाक्यं मूळ इतिवृत्तात नाहीत. ती मी आता लिहिते आहे.

काम एकच होतं. देशाच्या कर्णबधिर फुटबॉल संघासाठी नवा मॅनेजर निवडायचा होता. आधीचे मॅनेजर सॉफ्टवेअरमधल्या मुलाकडे कॅलिफोर्नियाला सहा महिन्यांसाठी गेले आणि तिथून त्यांनी राजीनाम्याचं पत्र पाठवलं. तीन महिन्यांनी परदेशात स्पर्धा होती. सराव शिबिर पुण्यात होणार होतं, म्हणून निवडीचं काम आमच्या छोट्या शाखेवर आलं. आमच्याकडे मॅनेजर म्हणजे कोचही तोच, पासपोर्ट सांभाळणाराही तोच, आणि परदेशात वरणभात कुठे मिळेल ते शोधणाराही तोच.

मी या संघटनेत आले ती धाकट्या भावामुळे. दोन वर्षांचा असताना तापात त्याचे कान गेले. आमच्या घरात मराठीबरोबर खुणांची भाषा चालते, आणि भांडणं जास्त करून त्याच भाषेत होतात. तो या संघाचा गोलकीपर होता. मी नोकरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत, प्रशासन विभागात. त्या वर्षी कंपनीतले सगळे दोन हजार साल उजाडल्यावर संगणक काय गोंधळ घालतील या चिंतेत होते आणि त्यासाठी धडाधड माणसं भरत होते. दर आठवड्याला मी मुलाखतींचे तक्ते छापत असे. त्यामुळे निवडीची पद्धत ठरवायची वेळ आली तेव्हा मीच म्हटलं, तक्ता मी आणते.

तक्ता सोपा होता. पाच रकाने, प्रत्येकी वीस गुण: खेळाचं ज्ञान, अनुभव, शिस्त, नियोजन, तोंडी सादरीकरण. वरचं कंपनीचं नाव काढून मी संघटनेचं नाव घातलं आणि सहा प्रती काढल्या. पाचवा रकाना कुणासाठी छापते आहे, हे मला तेव्हा सुचलं नाही. माझ्या सख्ख्या भावाच्या संघासाठी मी हा तक्ता छापला आणि मला ते सुचलं नाही.

अध्यक्षांना तक्ता फार आवडला. "शेवटी संघटनेत कुणीतरी आखून काम करणारं आलं," असं ते खजिनदारांकडे बघून म्हणाले. खजिनदार जांभई देत होते. टीव्हीवर वर्ल्डकप चालू होता आणि ते रोज जागत होते.

"तोंडी सादरीकरण पाहिजेच सर," ते म्हणाले. "काल तो कोच बघितला का? रेषेवर उभा राहून नुसता बोंबलत होता. त्याशिवाय खेळाडू हलतच नाहीत."

"आपले खेळाडू ऐकत नाहीत, शेठ," मी म्हटलं.

"आमच्या गाळ्यावरचे हमाल पण ऐकत नाहीत. तरी ओरडावं लागतं."

अध्यक्ष हसले, मीही हसले.

पहिला उमेदवार नागपूरचा. पस्तिशीतला, एका कॉलेजात खेळाचा शिक्षक, कोचिंगचा डिप्लोमा झालेला. इस्त्रीचा शर्ट, जाड मिशी, बोलणं स्वच्छ. फळ्यावर मैदान आखून त्याने बचावाची रचना समजावली. सगळा वेळ तोंड फळ्याकडे आणि पाठ आमच्याकडे, पण आवाज खणखणीत, एक शब्द निसटला नाही. अध्यक्षांनी विचारलं, "खुणा येतात का?" तो म्हणाला, "नाही येत सर. खोटं कशाला सांगू? शिकीन." हे उत्तर मला आवडलं. मी त्याला सादरीकरणात पंधरा दिले.

दुसरा उमेदवार संघाचा जुना कप्तान, स्वतः कर्णबधिर. वय चव्वेचाळीस, भोसरीच्या एका कारखान्यात टर्नर. आजवर या संघाचा प्रत्येक मॅनेजर ऐकू येणारा होता. आपण त्या जागेवर बसायचं हे त्याने खेळणं सोडलं तेव्हाच ठरवलं होतं. त्याने रजा टाकून दोन शिबिरं स्वखुशीने घेतली होती. त्या दिवशी घरून निघताना त्याच्या बायकोने, तीही कर्णबधिर, त्याच्या हातावर दही ठेवलं होतं. हे त्यानेच मला जिन्यात सांगितलं, तळहात दाखवून.

तो हातांनी बोलणार आणि मी ते मोठ्याने मराठीत सांगणार, असं ठरलं.

त्याने खिशातून सोडावॉटरच्या बाटल्यांची अकरा बुचं काढून टेबलावर मांडली. मग लाकडी जमिनीवर दोनदा पाय आपटला. शाईची दौत हलली, आम्ही तिघांनी दचकून वर पाहिलं. "खोलीत असं बोलावतो," त्याने सांगितलं, "मैदानावर हे चालत नाही." मैदानावर तो काय करतो, ते त्याने बुचं सरकवत दाखवलं. बाहेरून तो पांढरा रुमाल वर धरतो. ज्याला पहिल्यांदा दिसतो तो हात वर करतो, त्याला बघून शेजारचा, मग त्याच्या पुढचा. चार श्वासांत अकराही जण त्याच्याकडे बघत असतात. मध्यंतरात तो सगळ्यांना गोल बसवतो, रांगेत कधीच नाही, कारण रांगेत बसलं की मागच्याला पुढच्याचे हात दिसत नाहीत.

एवढ्यात चष्म्याच्या दुकानाचे मालक जिना चढून दारात आले.

"वर तालीम काढली आहे का आपण? गिऱ्हाईकाचे डोळे तपासतोय मी खाली. अक्षरं हलतायत म्हणतो तो."

"संपलं, संपलं," खजिनदार म्हणाले.

"संपलं असेल तर उत्तम. नसेल तर आधी सांगा, म्हणजे मी नंबर वाढवून देतो."

कप्तानाने मला विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. तो इतका हसला की एक बूच खाली पडलं.

अर्ध्या तासात तो जे म्हणाला ते सगळं माझ्या आवाजात खोलीत बोललं गेलं. मग आम्ही गुण भरायला बसलो. चार रकान्यांत मी त्याला मनापासून गुण दिले. पाचव्यापाशी थांबले. तोंडी सादरीकरण. बोलले होते मी. मीच बोलायचं आणि मीच गुण द्यायचे, हे मला पटेना. आमच्या कंपनीत याला सोपा नियम होता: उमेदवाराशी आपला संबंध असेल तर रकाना कोरा सोडायचा. मग तो मोजायचा नाही, बाकीच्यांची सरासरी धरायची. मी तिथे एक आडवी रेघ मारली आणि आपण रीतसर वागलो या समाधानात चहा मागवला.

बेरीज अध्यक्षांनी केली, लाल पेनने, शाळेत चाळीस वर्षं केली तशी. नागपूरचे दोनशे सव्वीस. कप्तानाचे दोनशे सतरा.

मी तक्ते ओढून घेतले. चार रकान्यांत कप्तान पुढे होता, खेळाच्या ज्ञानात तर बराच पुढे. पाचव्यात अध्यक्षांचे नऊ, खजिनदारांचे दहा, आणि माझ्या रेघेसमोर लाल पेनाने छोटंसं शून्य.

"सर, हे शून्य नाही. मी रकाना सोडला आहे."

"कोरं म्हणजे शून्यच, चिटणीसबाई."

"आमच्याकडे सरासरी धरतात." मी तिथेच आकडे मांडून दाखवले. सरासरी धरली तर कप्तान अर्ध्या गुणाने वर जात होता.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "हा नियम तक्त्यावर कुठे छापला आहे?"

"छापलेला नाही."

"मग तो नियम नाही. तो आपला विचार आहे."

"अहो सर, अर्ध्या गुणाचा तर प्रश्न आहे," खजिनदार म्हणाले. "बाईंनी आता भरावा रकाना, विषय संपला. माणूस चांगला आहे. मी दहाच दिले ते आवाज बाईंचा होता म्हणून, नाहीतर जास्त दिले असते."

"हा लसूण नाही शेठ, वजन झाल्यावर वर मूठभर टाकायला. बेरीज बघून गुण भरायचे झाले तर त्या नागपूरच्या मुलाला काय तोंड दाखवायचं? त्याने काय चूक केली?"

मी अध्यक्षांच्या जागी असते तर हेच म्हणाले असते, हे मला बसल्या जागी कळत होतं. ठराव मीच लिहिला. सूचक खजिनदार, अनुमोदक मी.

कप्तान खाली रस्त्यापलीकडे उभा होता. मी जिन्याच्या तोंडाशी आले तेव्हाच त्याला कळलं. त्याने तिथूनच हात केला: किती गुणांनी?

नऊ, मी दाखवलं.

रस्ता ओलांडून आला. "कशात?"

मी तक्ते दाखवले. त्याने बोट ठेवून एकेक रकाना वाचला. खेळाच्या ज्ञानाच्या आकड्यांवर बोट थोडा वेळ थांबलं. मग ते माझ्या रेघेवर आलं.

"ताई, हे काय?"

"बोलले मी होते. स्वतःला गुण कसे देणार?"

"तू फक्त आवाज दिलास," त्याचे हात म्हणाले. "सगळं माझं होतं."

मी मान हलवली. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, मी कप्तानाला बाजूला ओढलं.

"एक कर," तो म्हणाला. "मला हे कागदावर लिहून दे. संघटनेच्या कागदावर, शिक्का मारून. फुटबॉलमध्ये मी पहिला होतो आणि हा रकाना तू सोडलास, एवढंच. घरी दाखवायचं आहे. नाहीतर बायकोला वाटेल, आयुष्यभर खेळलो आणि मला खेळ कळत नाही."

"या आठवड्यात देते," मी म्हटलं. पर्समधली वही काढून त्याच्यासमोर लिहिलं: पत्र, कप्तान. त्याने वाचलं, मान डोलावली आणि स्वारगेटच्या बसकडे गेला.

पुढचं सांगायला हवं, कारण नागपूरचा मुलगा खरंच चांगला निघाला. शिबिराच्या तिसऱ्या दिवशी माझा भाऊ घरी येऊन तणतणला. खुणांत त्याने मिशी दाखवली आणि मग आपल्या ओठांवर पडदा ओढला. संघातले निम्मे खेळाडू ओठ वाचतात, आणि नव्या मॅनेजरचे ओठ दिसतच नव्हते. मी दुसऱ्या दिवशी त्याला हळूच सांगितलं. तो लाल झाला. "वडिलांनी कधी काढू दिली नाही मॅडम," म्हणाला. त्यानंतरच्या रविवारी मैदानावर गेले तर मिशी नाही, आणि वरच्या ओठावर एक फिकट पट्टा. खेळाडू त्याच्याभोवती गोल बसले होते, रांगेत नव्हे. गोलाच्या मागे कप्तान उभा होता, हातात पांढरा रुमाल. दर रविवारी येत होता. नागपूरच्या मुलाने त्याच्याकडे खुणांची शिकवणी लावली होती आणि तो त्याला सर म्हणत असे. त्या खुणेसाठी त्याने स्वतःच्या छातीला हात लावायची एक तऱ्हा शोधली होती. ती चुकीची होती, पण कप्तानाने कधी सुधारली नाही.

परदेशी जाणाऱ्यांची यादी मी टाइप केली. मॅनेजरची एकच जागा होती. विमानतळावर निरोप द्यायला कप्तान मुंबईपर्यंत आला आणि परत आला.

पत्र मी त्या आठवड्यात लिहायला घेतलं होतं. प्रति, विषय, महोदय. पहिला परिच्छेद झाला. दुसऱ्यात रकान्याचं लिहायचं होतं, तिथे अडले. हे पत्र शिक्क्यासह बाहेर गेलं तर निवड चुकली असं कुणीही म्हणू शकलं असतं, आणि त्याची झळ मिशी काढलेल्या त्या मुलाला लागली असती. स्पर्धा होऊन जाऊ दे, मी ठरवलं. स्पर्धा झाली. मग त्याची मुदत संपू दे, ठरवलं. तीही संपली, त्याच्या जागी दुसरे निवडायचे झाले, तेव्हा नवा तक्ता मीच केला. त्यात पाचवा रकाना नव्हता. कोऱ्या रकान्याचं काय करायचं याचा नियम सर्वात वर ठळक छापला. पण कमाल वय पंचेचाळीस, ही जुनी अट तशीच होती. कप्तान तोवर सत्तेचाळीसचा झाला होता. त्याने अर्जच केला नाही.

दर जानेवारीत मी जुन्या वहीतली राहिलेली कामं नव्या वहीत उतरवते. पाण्याची टाकी, विम्याचा हप्ता, भावाच्या मुलाचा शाळेचा अर्ज, ही सगळी त्या त्या वर्षी खोडली गेली. "पत्र, कप्तान" वहीतून वहीत गेलं, मग ऑफिसच्या संगणकात, तिथून मोबाइलमध्ये. मोबाइल रोज सकाळी नऊला त्याची आठवण देतो. मी ती उद्यावर ढकलते. आता निवड जुनी झाली, अध्यक्ष राहिले नाहीत, कुणाचं काही बिघडणार नाही. राहिलं आहे ते एवढंच, की दुसऱ्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य "मी" ने सुरू करावं लागतं.

कप्तानाने पुन्हा कधी विचारलं नाही. मैदानावर भेटला की मनगटावर बांगड्यांची खूण करून ताई म्हणतो आणि नातवाचा फोटो दाखवतो.

आजची यादी: बँक, डाळिंबं, शिबिराच्या जेवणाचं बोलणं. या तिन्ही कामांवर काट मारली आहे. संघटनेचे जुने लेटरहेड कपाटात सापडले, तीनच शिल्लक आहेत. शिक्का आहे, शाईचा पॅड वाळला होता तो नवा आणला. एका कागदावर प्रति आणि विषय लिहून ठेवला आहे.

पत्र, कप्तान. बाकी.