गव्हर्नरसाहेबांचा परिचय

माझे वडील सांगलीत शिक्षक होते, आणि गावातल्या निम्म्या कार्यक्रमांत पाहुण्यांचा परिचय तेच करून द्यायचे. त्यांचा साचा ठरलेला. आधी हलाखीतलं बालपण, मग जिद्दीने घेतलेलं शिक्षण, मग पदं, मग मनाचा मोठेपणा, आणि शेवटी शाल-श्रीफळ. पाहुणा साखर कारखान्याचा चेअरमन असो की निवृत्त तहसीलदार, परिचयात खोट काढायची नाही. ती लोक घरी जाताना काढतातच, असं ते म्हणायचे. ते सांगायचे आणि मी चांगल्या अक्षरात लिहून द्यायचे. मला ते फार छान जमायचं, हीच पुढे पंचाईत झाली.

म्युनिकजवळच्या ज्या कंपनीत मी इंजिनियर होते, ती गाड्यांचे ब्रेक बनवायची. परदेशी इंजिनियरांना युरोपात कामाचा परवाना देणारं ब्लू कार्ड नवं नवं निघालं होतं, तेव्हाची गोष्ट. अमेरिकेतल्या एका राज्याचे गव्हर्नर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखे, 'आमच्याकडे कारखाना काढा' म्हणून गळ घालायला येणार होते. शेफने, म्हणजे आमच्या साहेबाने, मला बोलावलं. "तुमचं इंग्रजी चांगलं आहे. हा माणूस कसा आहे, ते दोन पानांत लिहून द्या. बेट्रीब्सराटही वाचणार आहे." बेट्रीब्सराट म्हणजे कामगारांनी निवडून दिलेलं मंडळ. आमच्या टेस्टिंग हॉलचा माईस्टर, म्हणजे फोरमन, त्या मंडळावर होता.

या माईस्टरने मला काम शिकवलं. मशीनचा आकडा बघण्याआधी ब्रेकचा आवाज कानाने ऐकायला शिकवलं. मला कोणी घर भाड्याने देईना, तेव्हा एका घरमालकाला फोन करून "मुलगी सरळ आहे, मी सांगतो ना" म्हणणारा तोच. नुसत्या त्याच्या शब्दावर मला घर मिळालं.

मी आठवडाभर तिकडची वर्तमानपत्रं वाचली. गव्हर्नरांच्या वडिलांचं एका लहान गावात टायरचं दुकान होतं. मुलाने कॉलेजात जाईपर्यंत तिथे पंक्चरं काढली, मग नोकरी करत वकिली पूर्ण केली. आधी सरकारी वकील, मग विधानसभा. गव्हर्नरपदाची पहिली निवडणूक थोडक्यात हरला. पुढची चार वर्षं राज्यातलं एकेक गाव पायाखाली घातलं आणि जिंकला. दुसऱ्या वेळी तर आरामात जिंकला. नव्या कायद्यावर सही करताना हा माणूस दहा-बारा पेनं वापरायचा, प्रत्येक पेनाने जरासं गिरवायचा आणि मग ती पेनं लोकांना वाटून टाकायचा. माझ्या वडिलांनी असा पाहुणा डोक्यावर घेतला असता.

आणखीही एक गोष्ट सापडली. एका परदेशी कंपनीला त्याने आधी जमीन आणि करात सवलत देऊन कारखाना काढायला लावला होता. दोन वर्षांनी अट घातली: आता टेस्टिंगही इकडे आणा, नाहीतर सवलत बंद. कंपनीने आणलं. तिच्या मूळ गावातला हॉल बंद पडला. गव्हर्नरांच्या राज्यातल्या पेपराने हे कौतुकाने छापलं होतं, आमचा गव्हर्नर सौद्याला कसा पक्का आहे म्हणून.

हा परिच्छेद मी लिहिला होता. मग पान पुन्हा वाचलं. एवढ्या सुंदर परिचयात तो ताटातल्या खड्यासारखा लागला. मी तो काढून टाकला. सवय होती, हे खरं. पण शेफला हा सौदा हवा होता आणि मला शेफची शाबासकी हवी होती, हेही तितकंच खरं.

माईस्टरने मशीनपाशी मला गाठलं. "हा हॉल इथून हलणार नाही, असं आम्ही कंपनीकडून लेखी मागावं का? शेफ म्हणतो तोंडी पुरे, गव्हर्नरला फक्त नवा कारखाना हवाय. तू वाचलंयस त्याच्याबद्दल. कसा आहे माणूस?"

"चांगला आहे," मी म्हणाले. "पंक्चर काढून वर आलाय."

माईस्टर स्वतः सोळाव्या वर्षी झाडू मारत याच हॉलमध्ये आला होता. "आल्झो गुट, मग ठीक आहे," तो म्हणाला. लेखी कोणी मागितलं नाही.

गव्हर्नर आले, कॅन्टीनमध्ये स्वतः ट्रे घेऊन रांगेत उभे राहिले. माझं नाव तीनदा विचारून नीट उच्चारलं आणि मला एक पेन दिलं. मी त्या पेनाचा फोटो वडिलांना पाठवला. लाज वाटते आता.

सौदा झाला, तिकडे कारखाना निघाला. दोन वर्षांनी अट आली, त्याच शब्दांत. मशिनं खोलून लाकडी खोक्यांत भरली गेली. गव्हर्नर दोन मुदती संपवून आता कुठल्याशा कंपन्यांचे सल्लागार आहेत. आपण राज्यात किती नोकऱ्या आणल्या हे ते भाषणात सांगतात, आणि त्यात आमच्या हॉलच्याही धरतात.

माझी नोकरी ऑफिसातली, ती वाचली. माईस्टरच्या निरोपाला शेफ म्हणाला, "दोन शब्द तुम्हीच लिहा, तुम्हाला छान जमतं." मी लिहिलं. सोळाव्या वर्षीचा झाडू लिहिला, ब्रेकचा आवाज लिहिला, घरमालकाला केलेला फोन लिहिला. आणि शेवटी, मी एक परिच्छेद काढला होता आणि त्याने विचारल्यावरही सांगितला नव्हता, हे लिहिलं. शेफने पेन्सिलीने तेवढ्यावर काट मारली. "निरोपाला असलं कोणी बोलतं का?"

मी भांडले नाही. उरलेलं वाचून दाखवलं.

माईस्टर पुढे आला. त्याने माझ्या हातातून कागद घेतला, घडी करून खिशात ठेवला. "बायकोला दाखवतो. माझ्याबद्दल एवढं चांगलं कुणी लिहिलं नव्हतं." मग हसून म्हणाला, "सगळं खरं आहे ना?"

"गेनाऊ, अगदी खरं," मी म्हणाले.