बाळाच्या हाताचे दोन ठोके

आज दुपारी सात महिन्यांची नात मांडीवर होती. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या आणि तिनं माझ्या मनगटावर दोनदा हात आपटला. लेक हसली. माझ्या अंगावर काटा आला.

नव्वदच्या दशकात आम्ही तिसगावला राहायचो. ही लेक तेव्हा एवढीच होती. शेजारी मार्थामावशी एकट्या राहायच्या. काही लागलं की त्या मधल्या भिंतीवर दोनदा ठोकायच्या. ते ऐकून लेकही दोनदा हात आपटायची. आम्हाला गंमत वाटायची.

एका दुपारी सगळं शांत असताना तिचा हात सुरू झाला. दोनदा आपटायची, थांबायची, पुन्हा दोनदा. नजर भिंतीवर. मला काहीच ऐकू येईना. तरी तिला कडेवर घेऊन मी शेजारी धावले.

मावशी मागच्या अंगणात पडल्या होत्या. टेम्पोनं आम्ही त्यांना नगरच्या दवाखान्यात नेलं, म्हणून वाचल्या.

वाटेत मी म्हणाले, "मावशी, तुमचं ठोकणं पोरीनं ऐकलं."

"भिंत लई लांब हुती गं," त्या म्हणाल्या. "हातबी उचलत नव्हता. मी नुसतं मनात ठोकत हुते."

बाळं आवाज ऐकून तितक्याच वेळा हात आपटत असतील, हे मला पटतं. पण त्या दुपारी माझ्या लेकीनं काय ऐकलं असेल?