इल्दिकोबाई आणि दरबाराचा पडदा

इल्दिकोबाई मला पहिल्यांदा दिसल्या त्या अर्जुनीच्या बाजारात, एका ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागे उकिडव्या बसलेल्या. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर कुणीतरी दोन पोपट, एक कमळ आणि ‘आईचा आशीर्वाद’ रंगवलेला होता. बाई त्या पोपटांपासून हातभर अंतरावर तोंड नेऊन बघत होत्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ट्रॉलीचा मालक चहा पिऊन परत आला, थोडा वेळ बाजूला उभा राहिला आणि मग न राहवून म्हणाला, “काऊन मॅडम, घ्याची हाय का ट्रॉली?”

“नाही,” बाई मान न वळवता म्हणाल्या. “पोपट पाहून राहिली. कोनं काढलन?”

मालकाला ते ठाऊक नव्हतं. ट्रॉली त्याने जुनी घेतली होती आणि पोपट तिच्यासोबत आले होते. बाईंनी हे उत्तर वहीत लिहून घेतलं. पुढे त्यांना हाच प्रश्न मी न्हाव्याच्या आरशावरच्या मोराबद्दल, रसवंतीच्या पाटीवरच्या बैलाबद्दल आणि अंगणवाडीच्या भिंतीवरच्या, दात मोजता येतील अशा सशाबद्दल विचारताना ऐकलं. उत्तर बहुतेक वेळा ‘का मालूम’ असंच यायचं. तेही त्या तितक्याच मन लावून लिहीत.

बाई हंगेरीच्या. लोक भिंतींवर, गाड्यांवर, दुकानांत जी चित्रं काढतात आणि लावतात, त्यांचा अभ्यास हा त्यांचा विषय. मराठी पुण्यात शिकल्या होत्या, पण आमच्याकडे दोन महिने काढल्यावर ते मराठी त्यांनी बाजारापुरतं बासनात बांधून ठेवलं आणि आमची बोली उचलली. गोंदियात परदेशी माणूस उतरला की ऑटोवाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे एकच विचारतात, “नागझिरा जाना है?” बाई म्हणत, “नहीं भैया, परदा देखना है.” त्यावर समोरचा माणूस, वाघ काय वाईट होता, अशा चेहऱ्याने गप्प होई.

त्या वेळी त्यांचं वय छप्पन्न होतं आणि त्यातली पंचवीस वर्षं त्या कुठल्या ना कुठल्या विद्यापीठात ‘पाहुण्या संशोधक’ होत्या. सहा महिने इथे, वर्षभर तिथे. कायमची नोकरी कुणी दिली नव्हती. “सर, पाहुण्याला खुर्ची देतात, कपाट देत नाहीत,” असं त्या एकदा मला म्हणाल्या होत्या. एक मोठं पुस्तक झालं तर कदाचित एखादं कपाट मिळेल अशी शेवटची आशा होती, आणि ते पुस्तक एका पडद्यावर उभं राहणार होतं.

पडदा म्हणजे नाटकाचा. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगावी नाटकं होतात. पूर्वी प्रत्येक नाट्यमंडळाचे स्वतःचे रंगवलेले पडदे असत : रस्ता, जंगल, दरबार. आता फ्लेक्स आले. इटियाडोहच्या कालव्यावरून केशोरीकडे जाताना लागणाऱ्या एका गावात मात्र दरबाराचा एक जुना पडदा समाजमंदिराच्या माळ्यावर बांबूला गुंडाळून पडला होता. गावाचं नाव लिहीत नाही. गावाची चूक नव्हती.

मी अर्जुनीच्या कॉलेजात मराठी शिकवत असे, निवृत्त झालोय. त्या गावाच्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष श्रावणभाऊ माझ्या ओळखीचे, म्हणून बाईंना तिथे मीच घेऊन गेलो. पावसाळ्याचे दिवस, वीज गेलेली. चौघांनी पडदा खाली आणून अर्धामुर्धा उलगडला. मांजरपाटाच्या कापडावर सरसात कालवलेले पावडरचे रंग. डोमाजी पेंटरने पन्नासेक वर्षांपूर्वी काढलेला दरबार. डोमाजी वारला त्यालाही वीस-बावीस वर्षं झाली होती. त्याची बायको, म्हातारी पारबताबाई, पडदा उघडला हे ऐकून काठी टेकत आली आणि दरबारी मंडळींची ओळख करून देऊ लागली.

“हा परधान म्हन्जे आमचा पाटील. थे चवरीवाली माझी जाऊ. अन थो कोपऱ्यातला भालदार, थो आमचा माणूस.” मग तोंडाला पदर लावून हसली. “सोताचेच डोरे खाली करून ठेवलन. लाजून रायला पाय.”

डोमाजीने राजाच्या दरबारात सगळं गाव भरती केलं होतं आणि स्वतःला दाराशी उभं केलं होतं. त्याचा फोटो कुठेच नव्हता. लग्नातसुद्धा काढला नव्हता. हा भालदार तेवढा होता.

बाई त्या भालदारासमोर फरशीवर बसल्या आणि किती तरी वेळ बघत राहिल्या. पण प्रत्येक घडीतून रंगाची भुकटी झडत होती. बाईंनी फोनवर घाईत एक फोटो घेतला. तो काळपट आणि हललेला आला. श्रावणभाऊ पुन्हा ओढायला गेले तर बाईंनी हात धरला. “आज नाही भाऊ. हा पडदा आता एकदाच उलगडायचा. नीट उजेड, नीट कॅमेरा. मी परत येते.”

परत यायला त्यांना दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत त्यांनी किती अर्ज केले ते त्याच जाणोत. अखेर एका संस्थेने पैसे दिले, व्हिसा मिळाला, आणि त्यांनी मला येण्याची तारीख कळवली. त्याबरोबर एक विनंती : गावाला सांगून ठेवा.

इथे माझी पाळी येते. जन्मभर मी समारंभांची टिंगल केली. शाल, श्रीफळ, ‘आदरणीय व्यासपीठ’ यांवर कॉलेजात माझ्याइतकं कुणी हसलं नसेल. पण मला भीती वाटली की त्या आठवड्यात तो पडदा कुणी मांडवाला बांधेल, किंवा धान झाकायला नेईल. म्हणून मी श्रावणभाऊंना एक पत्र लिहिलं, चांगलं वजनदार. आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या विदुषी, आपल्या गावाचं भाग्य, सातासमुद्रापार नाव. हे शब्द मी तीस वर्षं मुलांच्या निबंधांतून लाल शाईने खोडले होते. दोन पानं भरली. पडद्याला हात लावू नका, एवढं एक वाक्य त्यात नव्हतं.

आम्ही गावात पोचलो तेव्हा दुपार होती. वेशीवर फ्लेक्स लागला होता. त्यावर इंटरनेटवरून उचललेला बाईंचा चेहरा खाटेएवढा, आणि खाली हात जोडलेले अकरा पुढारी. बाई हसल्या. “सर, हा पण माझा विषय आहे,” म्हणून त्यांनी फ्लेक्सचाच फोटो काढला. समाजमंदिराच्या पायरीवर मात्र त्या थबकल्या.

“सर, वास कसला?”

“मांडव रंगवला असेल,” मी म्हणालो.

बाईंना पुढच्या खुर्चीवर बसवलं. शेजारी पारबताबाईला बसवलं. नारळ फुटला. श्रावणभाऊंनी दोर सोडला आणि पडदा खाली आला.

ऑइल पेंटचा झगझगीत दरबार. राजा टीव्हीतल्या राजासारखा, प्रधानाला पिळदार मिशा, चवरीवाली गोरीपान, गालावर तीळ. डोमाजीच्या रेषांवरून एकेक रेष इमानाने ओढलेली होती, आणि तिच्या आत डोमाजीचं काहीही उरलं नव्हतं. टाळ्या थांबेनात.

“अकरा दिवस!” श्रावणभाऊ माइकवर सांगत होते. “दिलीपभाऊ पेंटर अकरा दिवस जेवाले घरी गेले नाई. मॅडम येवढ्या दुरून येऊन रायल्या, अन आमी का त्यायले मळका पडदा दाखवाचा? सनाले देवाले बी नवा रंग देतोच ना आपण?”

दिलीप पेंटर कोपऱ्यात हात जोडून उभा होता. नखांत अजून लाल रंग होता. फ्लेक्स आल्यापासून त्याने धड ब्रश धरला नव्हता. बाजारात टेम्पोचे नंबर रंगवून जगत होता.

तेवढ्यात पारबताबाई उठली. काठी टेकत पडद्याच्या उजव्या कोपऱ्याशी गेली. डोळे बारीक करून वर बघत राहिली.

“हा कोन होय?”

“भालदार होय, मावशी,” दिलीप म्हणाला.

“थे दिसते मले. कोन होय?”

श्रावणभाऊंनी घाईघाईने बाईंच्या हाती माइक दिला. मी बाईंच्या चेहऱ्याकडे बघू शकलो नाही, जमिनीकडे बघत होतो.

“दिलीपभाऊनं लय मेहनत केलन,” बाई म्हणाल्या. आवाज अगदी सपाट होता. “अकरा दिवस. मी पाहून राहिली.” मग वही काढून त्यांनी दिलीपला पूर्ण नाव विचारलं, गाव विचारलं, लिहून घेतलं. दिलीपच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला इतक्या वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं.

पुढचे नऊ दिवस त्या आमच्या पुढच्या खोलीत राहिल्या. पडदा साफ करायचा म्हणून गावाकडून मागून आणला होता. हंगेरीतल्या कुणा जाणकाराला फोनवर विचारत, कापसाच्या बोळ्याने, निरनिराळी द्रावणं लावून त्यांनी खालच्या काठाशी तळहाताएवढी जागा पुसून बघितली. वरचा रंग सुटला. त्याच्याबरोबर खालचाही आला, आणि त्याच्याखाली कापड. बाईंनी बोळा ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी आम्ही पडदा अंगणात उन्हासमोर उभा धरला, पाठीमागून काही दिसतं का म्हणून. तेल कापडात मुरलं होतं. सगळीकडे एकसारखा तपकिरी डाग.

मी बेअक्कलपणे त्यांच्याच एका जुन्या लेखाची आठवण काढली. लोकचित्र पुन्हा पुन्हा रंगवलं जातं म्हणूनच ते जिवंत असतं, असं त्यांनी लिहिलं होतं. मी तो लेख वर्गात वाचून दाखवला होता.

“हो,” बाई म्हणाल्या. “ते मी दुसऱ्यांच्या पडद्यांबद्दल लिहिलं होतं.”

त्यांच्या जुन्या फोटोत भालदाराच्या जागी नुसता काळोख होता आणि दिलीपला फक्त भाला आठवत होता, म्हणून मग त्यांनी गावातला प्रत्येक फोन तपासला. लग्नाच्या एका जुन्या व्हिडिओत नवरदेवाच्या मागे तो पडदा सापडला, तीन-चार सेकंदांसाठी. भालदाराच्या जागी कुणा वऱ्हाड्याचा फेटा आला होता. बाईंनी तो तुकडा पुढे-मागे करून इतक्यांदा पाहिला की आमच्या घरात सनईचे ते तीन सूर सगळ्यांना पाठ झाले. माझी बायको शेवटी म्हणाली, “बाईले सांगा बाप्पा, थो फेटा नाई हटत.” मी सांगितलं नाही.

सातव्या दिवशी आम्ही पारबताबाईकडे गेलो. बाईंनी कागद-पेन्सिल नेली होती. तिने वर्णन करावं, आपण काढावं.

“नाक कसं होतं, मावशी?”

“नाकावानी नाक.”

“डोळे?”

“खाली होते.” म्हातारी थांबली. “बाई, मले कायले विचारता? म्या त कधी नीट पायलोच नाई त्याले. समोर असला त मान वर कोन करते? अन पडद्यावरचा का, थो कुठी जातो, असं वाटे. तुमी त पायला ना त्या दिवशी, येवढा वेळ? तुमीच सांगा मले, कसा होता.”

बाईंनी काढायला सुरुवात केली. एक चेहरा काढला, म्हातारीने कागद डोळ्यांजवळ धरला. “नाई.” दुसरा. “नाई, हा त मास्तर वाटते.” तिसरा. दहा मिनिटं एका पोपटासमोर बसणारी ही बाई, त्या चेहऱ्याकडे जगात सगळ्यांत शेवटी नीट बघितलेली, आणि तिच्या हातात तो येत नव्हता. संध्याकाळपर्यंत वही संपली. शेवटचा कागद पारबताबाईने नुसता परत दिला, आणि बाईंच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “असू द्या. च्या घेता?”

बाईंनी चहा घेतला.

पुस्तक झालं नाही. संस्थेला ‘अभ्यासवस्तू उपलब्ध नाही’ असं एका ओळीचं कळवून त्यांनी उरलेले पैसे परत केले आणि मुदतीच्या चार महिने आधी निघाल्या. जाण्यापूर्वी पडदा गावाला पोचवला, तळहाताएवढ्या उघड्या जागेवर दिलीपकडून त्याच्याच रंगाचा हात मारून घेऊन. त्या वर्षी मंडईत, म्हणजे धानानंतरच्या जत्रेत, नाटकाला तो पडदा लागला आणि गाजला, असं कळलं.

मी त्यांना गोंदियाच्या स्टेशनवर सोडायला गेलो. गाडीला उशीर होता. नऊ दिवस जे वाक्य गिळत होतो ते मी तिथे बाकावर काढलं.

“बाई, गावाला ते पत्र मी लिहिलं होतं. फार फुगवून लिहिलं होतं. त्यामुळेच त्यांनी...”

“माहीत आहे, सर,” बाई म्हणाल्या. “श्रावणभाऊंनी त्याच दिवशी मला वाचून दाखवलं. ते फ्रेम करणार आहेत.”

“मग मला बोलला का नाहीत?”

बाई रुळांकडे बघत होत्या. “बोलले असते तर तुम्ही माफी मागितली असती. मग मला म्हणावं लागलं असतं, असू द्या सर. म्हातारी म्हणाली तसं.” त्यांनी मान हलवली. “ती म्हणू शकते. मला नाही म्हणता येत.”

गाडी आली. मी त्यांची पेटी दारापर्यंत नेली, त्या चढल्या, पेटी आत ओढून घेतली. दारात उभ्या राहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की मी आता एक शब्द बोललो तर तो कोणता असेल हे त्यांना ठाऊक आहे.

मी काही बोललो नाही. त्यांच्यासाठी मला करता येण्याजोगं तेवढंच उरलं होतं.