रविवारचं इंग्रजी

मी सिरसाळा सोडलं त्या सकाळी अप्पांनी दुकान उशिरा उघडलं. आमच्या घरात ही साधी गोष्ट नव्हती. अप्पांची पूजा झाली, कपाळावर भस्माचे पट्टे उमटले, की दुकानाच्या फळ्या निघायच्या. मग घरात लग्न असो की मयत. त्या दिवशी मात्र ते स्टँडवर आले, माझी पेटी एसटीच्या टपावर नीट बांधली का ते पाहिलं आणि खिडकीशी उभे राहून म्हणाले, "तिथं गप बसू नको. बोलणाऱ्याची माती खपती, न बोलणाऱ्याचं सोनं बी पडून राहतंय." आई पदराला डोळे पुसत होती. धाकटी सरू तेवढी रडत नव्हती. ती मला मिळालेली खिडकीची जागा न्याहाळत होती.

पुण्यात मामांनी मला नोकरी लावली होती. यंत्रांचे सुटे भाग परदेशात पाठवणारं ऑफिस होतं. तेव्हा रोज कुठंतरी नवं काहीतरी उघडत होतं, परदेशी माणसं कंपन्यांत यायला लागली होती, आणि बी.कॉम. झालेल्या मुलीला इंग्रजी येतच असणार, असं मामांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मला इंग्रजी वाचता येत होतं, लिहिताही येत होतं. बोलायची वेळ मात्र कधी आली नव्हती. पहिल्याच आठवड्यात फोन वाजला, टेबलावर दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी उचलला आणि म्हणाले, "शरणार्थ." आमच्या लिंगायत वाण्यांच्या घरात नमस्काराऐवजी हेच म्हणतात. पलीकडचा साहेब कढईत फुटाणे फुटावेत तसं बोलत सुटला. त्यातला एकही फुटाणा माझ्या हाती लागला नाही. मी फोन ठेवून दिला.

ऑफिसातल्या मॅडम ओरडल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, की दिवाळीपर्यंत फोन घेता आला नाही तर ही जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. उपायही त्यांनीच सांगितला. समोर जे दिसतं ते इंग्रजीत मोठ्यानं बोलायचं, आरशासमोर उभं राहून. आमच्या हॉस्टेलच्या खोलीत चौघी होतो आणि आरसा एक. त्या आरशासमोर पोरी लिपस्टिक लावणार की मी माझ्या वर्तमानकाळाची वाक्यं म्हणणार? मी एकदा प्रयत्न केला. तिघी पोट धरून हसल्या. त्यांचा राग नाही, मीही हसले असते.

मग मला सरू आठवली. ती परळीच्या कॉलेजात नुकतीच जायला लागली होती आणि इंग्रजीचा तिलाही धाक होता. आमच्या दुकानात त्याच साली फोन आला होता आणि बाहेर एसटीडीचा पिवळा बोर्ड लागला होता. ठरलं असं, की रविवारी दर कमी असतो तेव्हा मी पुण्याच्या बूथवरून दुकानात फोन लावायचा. आधी अप्पांशी दोन शब्द, आणि मग सरूशी फक्त इंग्रजी.

अप्पांना या गोष्टीचा केवढा अभिमान! गिऱ्हाइकांना ते मुद्दाम थांबवून घ्यायचे. "बसा वो जरा. माझ्या पोरी इंग्रजी बोलायल्यात." आणि सरू गुळाच्या ढेपेला टेकून, दुकान भरलेलं असताना, मला सांगायची, "आय सी टू मेन. वन मॅन इज बायिंग गूळ. वन गोट इज ईटिंग अवर पोतं." मी विचारायची, व्हॉट इज आई डुइंग? ती सांगायची, शी इज अँग्री विथ गोट. बूथवाला माझ्याकडं संशयानं बघायचा.

या खेळात एक गोष्ट मला हळूहळू उमगली. मराठीत आम्ही फोनवर खरं काही बोलतच नव्हतो. कशी हायस, बरी हाय; जेवलीस का, जेवले. मेसचं जेवण घशाखाली उतरत नाही, हे मी मराठीत कधीच सांगितलं नसतं. आईचा जीव तुटला असता. पण सरूनं विचारलं, हाऊ इज फूड, तर मी म्हणाले, "व्हेरी बॅड. आय क्राय." सारवासारव करण्याइतकं, गोड करून सांगण्याइतकं इंग्रजी माझ्याकडं नव्हतंच. होते तेवढे शब्द खऱ्यालाच पुरत. तिचंही तसंच होतं.

दिवाळीच्या थोडं आधी एका रविवारी सरूचा आवाज वेगळा वाटला. धडा वाचल्यासारखी सपाट बोलत होती. "येस्टरडे गेस्ट्स केम. फ्रॉम फार व्हिलेज. दे सॉ मी. दे लाइक मी." गावाचं नाव तिनं घेतलं नाही, पण उमापूरच्या स्थळाबद्दल मामांकडून माझ्या कानावर आलं होतं. उमापूर म्हटलं असतं तर अप्पांचे कान टवकारले असते. पुढं म्हणाली, "द शॉपकीपर सेड येस. थर्सडे, रिंग." रिंग म्हणजे साखरपुडा हे कळलं, शॉपकीपर म्हणजे कोण हे कळायला मात्र मला एक क्षण लागला. शॉपकीपर तिच्यापासून हातभर अंतरावर साखर तोलत होता.

"अँड यू?" मी विचारलं.

"आय डू नॉट लाइक. आय वॉन्ट कॉलेज. आय वॉन्ट पुणे. यू टेल शॉपकीपर. आय कॅनॉट."

लाइनीत खरखर होती. मी रिसीव्हर कानात रुतवून ऐकत होते. आयुष्यात कुठलंच इंग्रजी मी इतकं जीव ओतून ऐकलं नव्हतं. "सरू, आर यू क्रायिंग?"

"शॉपकीपर इज लुकिंग."

"देन लाफ."

आणि ती हसली. मोठ्यानं, खळखळून. तिच्याबरोबर दुकानातली माणसंही हसली. मी म्हणाले, गिव्ह फोन.

अप्पा खुशीत होते. मी सुरुवात केली, "अप्पा, ते म्हणजे... सरूचं जरा... तुम्ही विचार करूनच ठरवलं असेल, पण..." पुढं शब्दच येईनात. मान, मर्यादा, अप्पांचा शब्द, चार माणसं, सगळं आडवं यायला लागलं.

अप्पा म्हणाले, "इंग्रजीत एवढं फाडफाड बोलतीस, अन् मराठीत कावून अडखळायलीस?"

त्या एका प्रश्नानं माझी भीड मोडली. मी म्हणाले, "अप्पा, सरूला उमापूरचं स्थळ नकोय. तिला शिकायचंय. आत्ता तुमच्यासमोर उभं राहून तिनं मला हेच सांगितलं."

पलीकडं कुणीतरी चहापत्ती मागत होतं. अप्पांनी त्याला थांबायला सांगितलं. मग मला म्हणाले, "ती तर हसत व्हती."

"हस म्हणून मीच सांगितलं."

त्यांनी फोन ठेवला. गुरुवार आला आणि गेला, मला काही कळलं नाही. दुकानात फोन लावायची हिंमत होईना. पुढच्या रविवारी मात्र बूथवर गेले, कारण न जाणं त्याहून अवघड होतं.

"शरणार्थ," अप्पा म्हणाले. आणि लगेच, "उमापूरला न्हाई म्हणून निरोप धाडला." ज्यांनी स्थळ आणलं होतं ते अप्पांचे व्यापारातले जुने स्नेही. त्यांनी नंतर वर्षभर आमच्या दुकानाची पायरी चढली नाही. त्याबद्दल अप्पा एक अक्षर बोलले नाहीत. बोलले ते वेगळंच. "पोरगी माझ्याम्होरं हुबी राहून न्हाई म्हणली, अन् मी लोकांना सांगायलोय, ऐका, माझी पोरगी कशी बोलायली. लई लागलं मनाला. आता काय बी बोला. पर फोन ठेवायच्या आधी समदं मला मराठीत सांगायचं." मग विचारलं, "न्हाई कसं म्हणली ती?"

मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा सावकाश म्हणून पाहिलं. "आय डू नॉट लाइक."

तिथून आमच्या रविवारच्या फोनला दुसरा अर्धा भाग जोडला गेला. आधी इंग्रजी, मग "आता मराठीत सांग." खरं सांगते, पहिल्या भागापेक्षा दुसरा अवघड होता. मेसच्या जेवणाचं मला आईला मराठीत सांगावं लागलं. शॉपकीपर कोण तेही सरूला कबूल करावं लागलं, आणि अप्पा हसता हसता खोकले. मॅडमनी दिवाळीनंतर मला फोनच्या टेबलावर कायम केलं. सरू बी.ए. झाली, बी.एड.ला माझ्याकडं पुण्यात आली, स्वतः पसंत केलेल्या मुलाशी लग्न करून कॅनडात गेली. लग्नाचं तिनं अप्पांना आधी मराठीतच सांगितलं.

आता आई नाही. पिवळा बोर्ड गंजून पडला, फोन कधीच काढून नेला. अप्पा ऐंशीच्या पुढं गेलेत आणि दुकान अजून उघडतात. मागच्या उन्हाळ्यात ते न्हाणीत घसरले म्हणून मी गेले होते. दुकानात बसून मी मोबाइलच्या स्पीकरवर सरूशी बोलत होते, आणि आम्ही न ठरवता इंग्रजीत घुसलो. आमचं इंग्रजी आता इतकं गुळगुळीत झालंय, की त्यात काहीही लपवता येतं. सेफ्टी, केअर, लिफ्ट असलेला फ्लॅट, लाँग टर्म. अप्पांनी तराजू खाली ठेवला.

"आता मराठीत सांगा."

मी सांगितलं. दुकान बंद करून तुम्ही पुण्याला माझ्याकडं यावं, असं आम्हा दोघींना वाटतं.

अप्पांनी मोबाइलकडं तोंड केलं आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "आय डू नॉट लाइक." मग हळूच, "सरू, तुझं म्या ऐकलं व्हतं."

सरू नाक ओढत म्हणाली, "ओके, शॉपकीपर."

मी न्हाणीत धरायला लोखंडी दांडी बसवून घेतली, शेजारच्या सुनेला दोन्ही वेळ डोकावायला सांगितलं आणि पुण्याला परतले. काळजी वाटते, वाटणारच. पुण्यातल्या फ्लॅटवर माझं नाव आहे, सरूच्या कॅनडातल्या घरावर तिचं. पण घर कुठलं असं कुणी विचारलं, तर मला ते दुकान आठवतं, जिथं नाही म्हटलेलं ऐकून घेतलं जातं. रविवारी मी फोन लावते आणि विचारते, "अप्पा, काय दिसतंय?"

ते सांगतात, "दोन माणसं हायेत. एक जण गूळ घ्यायलाय."