न धरलेली साडेचार वर्षं

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर दादा फौजेतून कायमचा परत आला, तो मोहाडीच्या घरी न जाता माझ्याकडे, भंडाऱ्याजवळच्या शहापूरला. मी तिथल्या शाळेत शिकवत होते, दोन खोल्या भाड्याने घेऊन एकटीच राहत होते. घरासमोरच्या हमरस्त्यावरून नागपूरच्या गाड्या जायच्या आणि त्याला दर आठवड्याला नागपूरच्या इस्पितळात जावं लागणार होतं, एवढंच कारण. त्याची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. पाय इतके सुजायचे की चपलेत मावायचे नाहीत. वय बत्तीस.

मी त्याला खिडकीजवळची खाट दिली, अळणी भाजी करून वाढली. बोलायचं मात्र जमेना. आमचं बोलणं तेरा वर्षांपूर्वीच तुटलं होतं.

सत्तर साली तो फौजेच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात लागला. शिक्षण फुकट, राहणं-खाणं फुकट. बदल्यात डॉक्टर झाल्यावर फौजेत नोकरी करायची, असा करारनामा होता. त्यावर बापाची सही लागत होती. माय आडवी आली. "पोरगं सरकारले लिहून देऊन राहिले तुमी," ती म्हणाली. बाबा हातमागावर कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, पातळं विणायचे. पोराला डॉक्टर करायचा दुसरा रस्ता त्यांच्याजवळ नव्हता. त्यांनी सही केली. गावभर सांगत फिरले.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली आणि त्याच आठवड्यात मायच्या छातीत कफ भरला. दोन दिवस तापात ती एकच विचारत होती, "आला का?" मी तेव्हा दहावीत होते. पोस्टात जाऊन तार मीच केली: माय अत्यवस्थ, ताबडतोब ये. तिसऱ्या दिवशी माय गेली. दुसरी तारही मीच केली. बाबांनी दादासाठी दुपारपर्यंत प्रेत थांबवून धरलं, मग लोकांनी ऐकलं नाही. अग्नी चुलतभावाने दिला.

दादा आला तो तेरवी होऊन आठ दिवसांनी. अंगणात उभा राहिला. बाबांनी विचारलं, "काहून नाही आला रे?"

"परीक्षा होती," तो म्हणाला.

बाबा मागावर जाऊन बसले. मी मात्र त्याला त्या शब्दासाठी माफ केलं नाही. त्याची पत्रं यायची, त्यांना मी चार ओळींत उत्तर द्यायची. तो डॉक्टर झाला, अधिकारी झाला, सीमेवर कुठे कुठे राहिला. माझ्या मनात तो परीक्षेसाठी मायला सोडणारा माणूसच राहिला.

शहापूरला आल्यावर महिनाभराने त्याने मला हाक मारली. "बाई, एक अर्ज लिहून देतेस का? माझा हात कापते."

तेव्हा मला सगळं समजलं. आजारामुळे फौजेने त्याला काढलं होतं. हा आजार नोकरीमुळे झालेला नाही, असं डॉक्टरांच्या मंडळाने लिहून दिलं होतं. अशा माणसाला पेन्शन मिळायला दहा वर्षांची नोकरी लागते. त्याची भरली होती नऊ वर्षं आणि काही महिने. तेवढ्यावर एकदाच काय ती रक्कम, आणि संपलं.

"पण कॉलेजची साडेचार वर्षं आहेत नं," तो म्हणाला. "ते धरले तर चौदा होतात. वर्दी होती, परेड होती, पहारा होता. न विचारता फाटकाबाहेर पाय ठेवला तर सजा होती. मंग ते नोकरी नाही तं काय होय?"

तो सांगत गेला आणि मी इंग्रजीत लिहीत गेले. पुरावे म्हणून जोडायचे कागद त्याच्या पेटीत होते, ते मी काढायला बसले. करारनाम्याची नक्कल सापडली, त्यावर बाबांची वाकडी सही. मग शिस्तीच्या नियमांचं पत्रक. त्याच्या घडीत एक पिवळा कागद होता. रजेचा अर्ज. अक्षर दादाचं, महिना डिसेंबर एकाहत्तर. कारण: आई अत्यवस्थ. खाली दोन दिवसांनंतरची आणखी एक ओळ: आई वारली, अंत्यविधीसाठी तरी सोडावं. त्याखाली लाल शाईत शेरा होता की अर्जदार लष्करी शिस्तीखाली आहे, युद्ध चालू असल्याने रजा देता येत नाही.

तो कागद घेऊन मी त्याच्या खाटेपाशी गेले.

"परीक्षा होती म्हणालास तू," मी म्हटलं.

तो खिडकीकडे पाहत होता. "जखमी लोकांच्या गाड्या येऊन राहिल्या होत्या. आमाले वॉर्डात लावलं होतं. पट्ट्या बदलायच्या, भांडे उचलायचे."

"मग तसं सांगायचं होतंस!"

"कोणाले सांगू? बाबाले? त्यायनं सही केली होती, माय नाही म्हणत असताना. त्यायच्या सहीनं मले अडकवून ठेवलं, हे कसं सांगू?"

तेरा वर्षं मी ज्याचा राग केला, तो हा माणूस.

तो कागद अर्जाला जोडायला तो तयार नव्हता. बाबांच्या कानावर जाईल, एवढीच भीती. मी हट्टाला पेटले. म्हटलं, याच्याहून मोठा पुरावा कोणता? त्यांनीच लिहून दिलंय की तू फौजेच्या शिस्तीखाली होतास. शेवटी तो दमून "कर तुले कराचं ते" म्हणाला. मी भंडाऱ्याला जाऊन नकला टाइप करून घेतल्या, मुख्याध्यापकांचा सही-शिक्का घेतला आणि अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला.

त्यानंतर मी एक गोष्ट केली, ती बरोबर होती की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही. पुढच्या रविवारी मी मोहाडीला गेले आणि बाबांना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, त्यांच्या मनातली अढी निघेल. दादाकडे थोडेच दिवस होते.

बाबांनी मागावरचा धोटा हातातच धरून ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे मीच अडवलं त्याले."

"तसं नाही, बाबा."

"तसंच होय. थे नोको म्हणत होती, तुही माय."

त्या दिवशी त्यांनी माग पुढे चालवला नाही. दोन दिवसांनी ते शहापूरला आले, खाटेशेजारी जमिनीवर बसले. दादाने त्यांचा चेहरा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं.

"रडाले तरी देल्लं का रे तुले त्यायनं?" बाबांनी विचारलं.

"वॉर्डात काम होतं, बाबा," दादा म्हणाला.

बाबा त्याच्या सुजलेल्या पावलावर हात ठेवून बसून राहिले. संध्याकाळच्या गाडीने बाबा परत गेले.

उत्तर यायला चार महिने लागले. कॉलेजचा काळ प्रशिक्षणाचा आहे, नोकरी कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, मिळाल्या तारखेपासूनच धरली जाते, अर्ज नामंजूर. लाल शेऱ्याबद्दल एकच वाक्य होतं: विद्यार्थी शिस्तीला बांधील असले तरी त्यामुळे ते सेवेत ठरत नाहीत.

मी चिडून पुन्हा लिहायला बसले. दादाने कागद काढून घेतला. "नियम तसाच आहे बाई. मले पहिलेच माहीत होतं."

"मग अर्ज कशाला करायला लावलास?"

"तुह्याकडं राहून खाऊन राहिलो. जमलंच तं पेन्शनीतून तुले काही तरी द्यावं, असं वाटलं."

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात, नागपूरहून परत येताना, एस.टी.तच त्याची शुद्ध हरपली. कंडक्टरने गाडी भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यापाशी थांबवली. मी सोबत होते. दुपारी तो गेला.

मोहाडीला नेलं. अग्नी बाबांनी दिला. सुकळी नदीकाठी ऊन इतकं होतं की माणसं झाडाखाली जाऊन उभी राहिली. बाबा तेवढे चितेजवळ उभे होते. चुलतभाऊ त्यांना सावलीत ओढत होता आणि ते हात सोडवून घेत होते.

बाबा पुढे चार वर्षं जगले. करारनाम्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. मात्र कुठे सही करायची वेळ आली, रेशनच्या कागदावर असो की घरपट्टीच्या पावतीवर, तर पेन माझ्याकडे सरकवायचे. "तूच कर," म्हणायचे. मी करायची.