ढाल नव्हे, टोपली

बाबांच्या उरलेल्या पाठकोऱ्या पत्रकांवर मी लिहायला शिकले. गुलाबी, पिवळा, झिरझिरीत कागद. पलीकडचा ठळक ‘निषेध’ माझ्या ओळींमधून डोकवायचा. अजूनही पांढऱ्या कागदावर मला काही सुचत नाही. राग आला की लिहायला बसते आणि राग ओसरायच्या आत संपवते. ही बाबांचीच सवय. त्यांची दुसरी सवय मात्र मी सोयीने विसरले होते: पत्रकात ज्याची बाजू मांडली असेल, त्याला ते आधी वाचून दाखवायचं. त्याने मान हलवली तरच छापायचं.

माझ्या पहिल्या पुस्तकातला एक लेख मावशीवर होता. मावशी नात्यातली नाही, रत्नागिरीच्या मासळीबाजारात बसते. मी शाळेत असताना बाजारावर छप्पर हवं म्हणून बायका नगरपालिकेच्या साहेबाकडे गेल्या, तेव्हा सगळ्यांच्या वतीने बोलली ती मावशी. मी लिहिलं होतं, ‘तिने टोपली ढालीसारखी पुढे धरली आणि साहेबाची नजर खाली गेली.’ पुण्याच्या संपादकांना हे वाक्य इतकं आवडलं की ते मलपृष्ठावर घेणार होते. शुक्रवारी पुस्तक छपाईला जायचं होतं. बुधवारी चहा पिताना बाबांनी एवढंच विचारलं, “मावशीला दाखवलंस?”

नव्हतं दाखवलं. दुपारी गिऱ्हाईक कमी झाल्यावर बाजारात गेले.

“काय गो, बांगडे नकोत? आज कागदच खाणार?”

“तुझ्यावर लिहिलंय, मावशी.”

“मग मोठ्यानं वाच. हिला पण कळू दे मी कोण ती.” शेजारची कोळीण हसली.

वाचताना माझाच आवाज मला खोटा वाटू लागला. टोपलीच्या वाक्याशी मावशीचा कोयता थांबला.

“ढाल? मेले, हात लटलट कापत होते माझे. दिसू नयेत म्हणून टोपली धरली. आणि साहेब कसला खाली बघतोय? खाली बघत होते ती मी!”

“टोपली रिकामी होती ते पण सांग,” शेजारीण म्हणाली. “भरलेली असती तर सांडली असतीस.”

दोघी खदखदून हसल्या. मला हसू येईना.

“राहू दे गो तसंच,” मावशी म्हणाली. “छान वाटतंय ऐकायला.” पण मान तिने हलवली नाही.

घरी चालतच आले. ते वाक्य काढलं तर लेखात काय उरणार? संपादक म्हणतील, ही तर साधी घाबरलेली बाई. एका पाठकोऱ्यावर लिहिलं, ‘तिचे हात कापत होते. ते दिसू नयेत म्हणून तिने रिकामी टोपली घट्ट धरली आणि खाली बघतच बोलायला सुरुवात केली.’ पहिल्यांदाच राग नसताना लिहीत होते. हे बरं झालंय की वाईट, तेच कळेना.

गुरुवारी पुन्हा बाजारात गेले. वाचलं.

“छप्पर झालं ते लिहिलंस?”

“हो.”

तिने मान हलवली आणि बांगडे तोलायला लागली.

तिथूनच संपादकांना नवी वाक्यं पाठवली. खाली लिहिलं, ‘हे चालणार नसेल तर लेख काढून टाका.’ संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नव्हतं. फोन दर मिनिटाला उचलून बघत होते. माझी घालमेल बाबांना दिसू नये म्हणून शेवटी तो पदराखाली घट्ट धरून बसले.